सासूबाईंची विळी आणि परदेशी टाकी

आमच्या आळीतल्या सत्तावीस घरांत गेल्या मे महिन्यात एक अख्खी दुपार एकही शेगडी पेटली नाही आणि त्याला कारण मी एकटा होतो, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या हर्षदला तर मी तोंड उघडायच्या आधीपासूनच पटलेलं नव्हतं. तो भाट्याच्या नारळ केंद्रात नोकरीला, मूळचा पुण्याचा. म्हणजे नारळ झाडावरून पडला तरी सोबत काही कागद आहे का, ते बघणारा. त्याची बायको राही मात्र चांगली श्रोती. पडवीतल्या बाकावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "सांगा आप्पा. काकू कुठे गेल्यात?"

"भजनाला. म्हणून तर सांगतोय."

कारण आमच्या हिला, म्हणजे आनंदीला, यातलं अक्षर ठाऊक नाही. आणि ठाऊक होऊ नये म्हणून सत्तावीस घरांनी तोंडाला कुलूप लावलेलं आहे. रत्नागिरीत हे किती अवघड आहे ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

तर विळी. आनंदीचं माहेर हर्ण्याचं. बेचाळीस वर्षांपूर्वी ती सासरी आली तेव्हा तिच्या आईने स्वतःच्या हातातली विळी तिच्या सामानात घातली. फणसाच्या लाकडाचा पाट आणि तिथल्याच लोहाराने घडवलेलं पातं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. दिवसकार्य उरकून आनंदी परत आली, पिशवी खाली ठेवली आणि हातपाय धुवायच्या आधी विळी धुतली, पुसली, पात्याला खोबरेल लावलं. रडली बिडली नाही. मी ते पाहिलं आणि पेपर वाचतोय असं दाखवलं.

गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी ती आठ दिवस हर्ण्याला गेली. जाताना तीन सूचना दिल्या. दूध वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आणि चिरायचं तर सुरीने, विळीला हात लावायचा नाही. पहिल्या दोन मी तंतोतंत पाळल्या.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी कच्चा फणस आणून दिला. फणसाची भाजी आपण एकट्याने करून दाखवावी, अशी मला बुद्धी झाली. फणस कोयतीने फोडतात, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. मलाही कळतं. पण कोयती माळ्यावर होती आणि विळी समोर. मी विळीवर बसलो, फणस पात्यावर टेकवला आणि वरून भार दिला. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. फणसाचं विचारू नका. 'टण्' असा आवाज झाला. पातं मानेपाशी, जिथे ते पाटात शिरतं तिथे, मोडून माझ्या मांडीशेजारी पडलं. फणसाला ओरखडासुद्धा नव्हता.

संध्याकाळी आनंदीचा फोन. "काय चिरलंत आज?"

"काही नाही. दहीपोहे खाल्ले."

"विळी बरी आहे ना?"

घरातल्या लेकराची चौकशी करावी तसं विचारते ती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे. झोपलीय."

"काय?"

"मी झोपलो होतो म्हटलं."

विळी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन तुकड्यांत कपाटात होती. आनंदी रविवारी दुपारच्या एस्टीने येणार होती. हातात पाच दिवस.

दुसऱ्या दिवशी मी मिरकरवाड्याला गेलो. तिथे बोटींची कामं करणारा एक वेल्डर आहे. त्याने पातं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो आप्पा, पण मानेत गाठ येईल आणि पुन्हा तिथेच मोडेल. ही तापवून, ठोकून, ओढून काढायला हवी. लोहाराचं काम. आता भट्टी आहे कुणाकडे? सगळे ग्रिलं आणि गेटं करतात. नवीन घ्या."

नवीन घ्या! मी मनात म्हटलं, तू सांग हे आनंदीला. मी लांब उभा राहून बघतो.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. एक गोरा दाढीवाला गृहस्थ गॅसच्या जुन्या टाकीतून लोहाराची सुबक भट्टी करत होता. व्हिडिओ अर्ध्या तासाचा. त्यातली पहिली दहा मिनिटं तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते. मी त्यातली सात मिनिटं पाहिली आणि पुढे सरकवलं. या उरलेल्या तीन मिनिटांनी माझी जी शोभा केली, ती पुढे येईलच.

आता टाकी. मी सरळमार्गी माणूस, म्हणून आधी गॅस एजन्सीत गेलो. खिडकीत एक मुलगी होती.

"रिकामा सिलिंडर पाहिजे," मी म्हटलं.

"भरून पाहिजे ना आजोबा?"

"नाही. कापायला."

ती उठून आत गेली आणि साहेबांना घेऊन आली. साहेबांनी मला समजावलं, की सिलिंडर हा कंपनीच्या मालकीचा असतो, गिऱ्हाइकाकडे तो नुसता राहायला असतो, आणि त्याला करवत लावणं हा गुन्हा आहे. मग त्यांनी माझं नाव आणि पत्ता लिहून घेतला. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. चौतीस वर्षं मी लोकांची नावं लिहून घेतली. पण माझं नाव असा चेहरा करून कुणी लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात बाबल्या भेटला. हा ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, आणि माझा शाळेपासूनचा मित्र. माझी कर्मकथा ऐकून म्हणाला, "आप्पानू, टाकी हाय माझ्याकडं. जाळ्यात गावलीली. कुठल्या देशाची हाय ती देवाक ठाव."

हातभर लांबीची टाकी, कुठल्या तरी परदेशी जहाजावरून पडलेली. तिच्यावरची अक्षरं आम्हा दोघांना आडवी की उभी तेही कळेना. आणि तिला इतकी कालवं, म्हणजे खायचे शिंपले, चिकटली होती, की ती सोडवून बाबल्याच्या घरी त्यांचं कालवण झालं आणि चौघांना पुरलं.

"टाकीवरची कालवं खाल्लीत?" हर्षदने विचारलं.

"बाबल्याने खाल्ली. मी नुसता रस्सा घेतला."

बिनकागदाची वस्तू घरात ठेवायची मला सवय नाही. म्हणून ती कायदेशीर करून घ्यायला निघालो. एका कचेरीने सांगितलं, समुद्रातली वस्तू आहे, बंदरावर विचारा. बंदरावर म्हणाले, तुम्ही ती जमिनीवर आणलीत, आता महसूलचा विषय. महसूल म्हणजे माझीच जुनी कचेरी! मोठ्या ऐटीत गेलो. माझ्या खुर्चीवर एक तरुण बसला होता. अर्ज वाचून म्हणाला, "टाकी रिकामी असल्याचा दाखला जोडा."

"ती रिकामी करायचीच तर परवानगी मागतोय."

"हो, पण परवानगीच्या अर्जाला रिकामी असल्याचा दाखला लागतो."

मी त्याच्यावर चिडणार होतो. पण ते वाक्य ओळखीचं वाटलं. त्या मुलाच्या साहेबाला ते मीच शिकवलं होतं. मी नमस्कार करून बाहेर पडलो. टाकी बिनकागदाचीच राहिली, आणि तुम्हाला हे सांगताना आजही मला थोडी लाज वाटते.

गुरुवारी सकाळी बाबल्याने टाकी बोटींपासून लांब, वाऱ्यावर, किनाऱ्यावरच्या मोकळ्या खडपावर, म्हणजे कातळावर नेली. कानावरची विडी काढून माझ्या खिशात ठेवली. काडेपेटी घेतली आणि घरीच पाठवून दिली. मग मोठ्या पान्याने वरची गंजलेली चावी फिरवली. मी म्हणत होतो, वर्षभर समुद्रात होती, आत गॅस कसला उरतोय. तर आतून 'फुस्स' झालं. बाबल्या दोन पावलं मागे सरला.

"बगा. व्हती वायच."

दाढीवाल्याविषयी माझ्या मनात आदर निर्माण झाला. वाऱ्यावर तास-दीड तास ठेवून, चावी पुरती काढून आम्ही टाकी घरी आणली, विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि मागच्या अंगणात उभी केली. पाण्याने भरली की गॅसला आत जागा राहत नाही, एवढं मी सात मिनिटांत शिकलो होतो. पण गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळलेला असतो, आणि टाकीतलं पाणी ओतलं की तोही बाहेर येतो, हे उरलेल्या तीन मिनिटांत होतं.

शुक्रवारी सकाळी मी ते पाणी अंगणातल्या गटारात ओतलं. गटार आळीभर फिरतं.

आमच्या शेजारी विमलाताई राहतात. नवरा नाही, मुलगा मुंबईत. दर मे महिन्यात त्या गच्चीवर बांगडे सुकवतात आणि पाऊस लागायच्या आत त्याला पाठवतात. तेवढाच त्यांचा त्याच्याशी वर्षाचा व्यवहार म्हणा ना. फोनवर तो दोन मिनिटं बोलतो, पण बांगडे चार महिने खातो.

दहाच्या सुमाराला समोरच्या घरातून आवाज आला, "विमलाताई, तुमचा बांगडा मेलाय!"

"अगो, मेलेलाच असतो बांगडा! जिवंत सुकवू काय?"

"कुजलाय मेला! उभं राहवत नाही घरात."

मग आणखी एक खिडकी उघडली, मग तिसरी. कुणी म्हणालं मीठ कमी पडलं, कुणी म्हणालं दरवर्षीचाच त्रास आहे. एकजण तर गच्चीवर जाऊन सगळं खाली फेकतो म्हणून जिन्याकडे निघाला. विमलाताई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात भिंतींना लावून. "माझ्या माशांना हात लावशील तर बघ," असं मोठ्याने म्हणाल्या, पण आवाज अर्ध्यावर चिरकला.

मी कुंपणाआड होतो, हातात रिकामी बादली.

इतक्यात कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. "हा मासा नव्हे, हा गॅस!" झालं. सत्तावीस घरांतले रेग्युलेटर खटाखट बंद झाले. अर्धे शिजलेले भात सोडून माणसं रस्त्यावर आली. कुणी म्हातारीला खुर्चीसकट बाहेर आणलं, कुणी पोपटाचा पिंजरा. अग्निशमनचा बंब घंटा वाजवत आळीत शिरला आणि वळणावर अडकला, कारण आमच्या आळीत बंब वळेल असं बांधकाम कुणी करूच दिलेलं नाही.

साहेब उतरले. नाक वर करून हुंगत हुंगत विमलाताईंच्याच घराकडे निघाले. विमलाताईंचा चेहरा पाहिला आणि मला राहवलं नाही. नोकरीत मी दोनदा खरं बोललो होतो, दोन्ही वेळा बदली झाली होती. मी बादली खाली ठेवली, शाळेतल्यासारखा हात वर केला आणि म्हणालो, "वास माझा आहे."

सत्तावीस घरं माझ्याकडे वळली. पोपटसुद्धा.

पुढची दहा मिनिटं साहेब मला सगळ्यांसमोर जे बोलले ते मी इथे सांगत नाही. फक्त शेवटचं सांगतो, कारण ते शहाणपणाचं होतं. टाकी साबणाच्या पाण्याने पुन्हा दोनदा धुवायची. ग्राइंडर लावायचा नाही, ठिणगी उडेल असं काहीही जवळ आणायचं नाही. टाकी पाण्याने भरलेली असतानाच हातकरवतीने कापायची.

"हे लेखी मिळेल का?" मी विचारलं.

"आजोबा," साहेब म्हणाले, "घरात जा."

गर्दी पांगेना. विमलाताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, आता एक बांगडा तोंडावर बसतो. पण त्या म्हणाल्या, "आप्पा, या वयात टाकी कशाला हवी तुम्हाला?"

मी आत गेलो आणि वर्तमानपत्रातली पुडी आणून उघडली.

बायका पुडीभोवती वाकल्या. आळीतल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत आनंदी ती विळी काखोटीला मारून गेली आहे. प्रत्येकीने तिच्या समोर बसून कांदे सोलले आहेत. विमलाताईंनी पात्याचा तुकडा उचलला, पदराने पुसला. "आईची ना तिच्या?" एवढंच म्हणाल्या. मग बाकीच्यांकडे वळून, "आनंदीला कुणी सांगेल तर माझ्याशी गाठ आहे. रविवारपर्यंत झालं पाहिजे."

मघाशी मासे फेकायला निघालेला माणूस सगळ्यात आधी करवत घेऊन आला.

टाकी दोनदा धुतली, पुन्हा भरली, चावीच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबून आडवी केली. प्रत्येकाने वीस वीस हात मारायचे ठरलं. करवत जसजशी आत जाईल तसतसं पाणी कापणाऱ्याच्या पायावर. आत कमी झालं की विमलाताई तांब्याने वरून ओतणार. घरोघरी चुली बंदच होत्या, म्हणून कुणी पोहे कालवून आणले, कुणी आंबे. संध्याकाळपर्यंत करवतीची अकरा पाती झिजली आणि टाकीची दोन भकलं झाली. आळीतल्या दोन भावांत सामायिक भिंतीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यातला एक करवत ओढत होता आणि दुसरा टाकी धरून होता. "धर नीट!" एवढं तर बोलले.

सगळं झाल्यावर विमलाताईंनी विचारलं, "पण आप्पा, हर्ण्याचा लोहार तर जमिनीत खड्डा करून त्यात भट्टी लावायचा. टाकी कशाला लागते?"

हा प्रश्न माणसाने टाकी कापायच्या आधी विचारायचा असतो. मी आणखी थोडे पोहे वाढून घेतले.

शनिवारी टाकीचं अर्धं भकल घेतलं. आतबाहेरचा रंग खरवडून काढला, नाहीतर तापल्यावर त्याचा विषारी धूर होतो. आतून चिखल आणि फुटक्या कौलांचे तुकडे लिंपले. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून उन्हात ठेवून सगळे त्याच्याभोवती बसून राहिलो. दुपारी करवंट्यांचा कोळसा भरला. तो कोळसा असा तापतो की विचारू नका. वारा घालायला भाता नव्हता, पण आमची लेक अक्षया केस वाळवायचं यंत्र विसरून गेली होती. ते लावलं. ते दर सात मिनिटांनी तापून बंद पडायचं आणि वीस मिनिटं हलायचं नाही. कचेरीतली माणसं आठवली.

पात्याला ओलं गोणपाट गुंडाळून फक्त मोडलेलं टोक निखाऱ्यात ठेवलं, म्हणजे धारेला आच लागू नये. टोक पिवळं झालं. बाबल्याने बोटीचा जुना नांगर आणला होता, त्यावर ठेवून त्याने घण घातला. ठण्, ठण्, ठण्! ठिणग्या मांडवीच्या जेटीवरून दिसल्या म्हणतात.

"कोण म्हणतं?" हर्षद.

"मांडवीवरचे लोक."

टोक लांबत लांबत पुन्हा चांगली मान निघाली. रविवारी सकाळी मी, माझ्या स्वतःच्या हाताने, ती तापवून पाटात बसवली. फणसाच्या लाकडाचा गोड वास सुटला. ओळंबा लावून बसवली, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पात्याला खोबरेल लावलं आणि विळी जिथे होती तिथे, त्याच फरशीवर ठेवली.

आनंदी अडीचला आली. तिने पिशवी ठेवली, हातपाय धुतले, कांदा घेतला आणि विळीवर बसली. मी दारात. कुंपणापलीकडे विमलाताई तुळशीला पाणी घालत होत्या, अर्धा तास एकाच तुळशीला. बाबल्या रस्त्यावर उगाच स्कूटर पुसत होता. एक कांदा झाला. दुसरा झाला. आनंदीने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आठ दिवस दहीपोहेच खाल्लेत काय हो?" ती म्हणाली. "किती वाळलात."

बस. एवढंच! त्याला वर्ष उलटलं. रोज ती त्या विळीवर बसते, रोज चिरते, आणि तिला अजून कळलेलं नाही. कळणार कसं? इतकं सरळ पातं हर्ण्याच्या लोहारालाही बसवता आलं नसतं. एक केसाचा फरक दाखवा, मी मिशा उतरवतो!

हर्षद हसला. "आप्पा, सत्तावीस घरं जरा जास्तच होतात."

राही मात्र हसली नाही. ती बाकावरचे पाय खाली घेऊन बसली आणि म्हणाली, "खोटं."

"काय खोटं? घरं? चल, मोजून दाखवतो."

"घरं असतील सत्तावीस. पातं सरळ नाहीये, आप्पा. परवा काकूंनी मला त्या विळीवर भेंडी चिरायला बसवलं तेव्हा पहिलं हेच सांगितलं, 'बाय, जरा खिडकीकडे तिरकी होऊन बस, नाहीतर बोट कापशील. आप्पांनी बसवलीय ती.' मी म्हटलं, मग सरळ करून घ्या ना. तर म्हणाल्या, 'नको गो. वर्षभर मी तशीच बसतेय, आता सरळ बसायला जमायचं नाही. आणि त्यांच्याजवळ बोलू नकोस हं. फार मेहनतीने बसवलीय त्यांनी.'"